साठीनंतर पायातली ताकद परत कशी आणायची: प्लास्टिकच्या खुर्चीपासून सुरुवात

वाचायचं नंतर, आधी एक टेस्ट करा. घरातली साधी प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागं सरकणार नाही, तिच्यावर बसा, दोन्ही हात छातीवर क्रॉस करून घ्या आणि हात न टेकता पाच वेळा पूर्ण उभं राहून परत बसा, पोराला मोबाईलवर टायमर लावायला सांगा. १२ सेकंदांच्या आत झालं तर ठीक. १२ किंवा जास्त लागले तर मांड्या कमी पडायला लागल्यात असं समजायचं. हा आकडा मी मनानं काढलेला नाही, आशियातल्या डॉक्टरांच्या गटानं २०१९ साली आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी ठरवलेला आहे. आणि हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर टायमर राहू दे, पुढचं सगळं तुमच्यासाठीच लिहिलंय.

अजून एक सोपी टेस्ट जपानमध्ये वापरतात. दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं जुळवून गोल करायचा आणि तो पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती घालून बघायचा. बोटं एकमेकांना पोचलीच नाहीत तर उत्तम, पोचून वर आत फट राहिली तर पोटरी आटायला लागली. पायाला सूज असली तर ही टेस्ट फसवते, तेवढं लक्षात ठेवा.

आणि तिसरी टेस्ट आपल्या बेळगाव भागातली, बसची पहिली पायरी. २०२३ ला कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना आल्यापासून आमच्याकडच्या आया-मावश्या मस्त फिरायला लागल्यात, सौंदत्तीला जाऊन येतात, लेकीकडं जाऊन येतात, चांगलंच आहे की. पण खानापूरच्या स्टँडवर जरा उभं राहून बघा कसं चढतात ते. एक हात दांडीला, दुसरा हात गुडघ्यावर दाबून धरलेला, अंग पुढं झोकून द्यायचं आणि मगच पाय वर येतो, तोवर मागनं कंडक्टर "लगू हत्री, अज्जी" (लवकर चढा, आजी) म्हणून ओरडतोय. तो गुडघ्यावरचा हात बघायचा. मांडीचं काम हात करायला लागलाय त्याची ती खूण, आणि बरेच लोक त्याला "गुडघे गेले" म्हणून मोकळे होतात. दरवेळी गुडघाच गेलेला नसतो, त्याला धरून ठेवणारी मांडी गेलेली असते.

मी शाळेत पीटी शिकवतो आणि संध्याकाळी गल्लीतल्या मोठ्या माणसांना देवळाच्या पटांगणात थोडं करून घेतो, त्यामुळं एक वाक्य रोज ऐकतो, "सर, आम्ही रोज वॉकिंग करतोय की." व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत नाहीतर किल्ला तलावाला सकाळी सहाला जाऊन बघा, निम्मं बेळगाव तिथं चालत असतंय. चालणं वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, पण चालण्यानं मांडीची ताकद टिकत नाही, आणि ते का हे कळलं की पुढचं सगळं करायला मन लागतं.

स्नायूत ढोबळ मानानं दोन जातीचे तंतू. एक हळू चालणारे, न दमणारे, उभं राहायला आणि चालायला लागतात ते. दुसरे झटक्याचे, लवकर दमणारे पण जोरदार, उडी मारायला, जड उचलायला आणि ओल्या फरशीवर पाय घसरला की क्षणात स्वतःला सावरायला लागतात ते. प्रत्येक तंतूला पाठीच्या कण्यातून येणारा एक मज्जातंतू हुकूम देतो, एकेक मज्जातंतू शेकडो तंतू सांभाळतो. वय वाढतं तसे यातले काही मज्जातंतू मरत जातात, त्यांच्या हाताखालचे तंतू पोरके होतात, मग शेजारचं घर पोरकी पोरं सांभाळायला घेतं तसं शेजारचा मज्जातंतू त्यातल्या काहींना घेतो, पण घेणारा बहुतेक हळू जातीचा असतो त्यामुळं तेही हळू होऊन जातात, आणि ज्यांना कोणी घेत नाही ते सुकतात. म्हणून म्हातारपणी झटक्याचे तंतू आधी जातात. तिशी-चाळिशीपासून दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतो असं धरतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूच्या आकारापेक्षाही लवकर उतरते. हे प्रमाणाबाहेर गेलं की डॉक्टर त्याला सार्कोपेनिया म्हणतात.

आता चालण्याचा मुद्दा. एल्वूड हेनेमन नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की शरीर आधी छोटे, हळू जातीचे मज्जातंतू कामाला लावतं आणि जोर कमी पडला तरच मोठ्यांना उठवतं. सपाट रस्त्यावर गप्पा मारत चालायला मोठ्यांची गरजच पडत नाही, म्हणजे रोज तासभर चाललात तरी झटक्याचे तंतू झोपूनच. त्यांना उठवायचं तर जड काम पाहिजे, किंवा हलकं काम अगदी दमेपर्यंत पाहिजे, किंवा झटकन केलेलं काम पाहिजे. बास, या तीनच वाटा.

"पण या वयात आता काय होणार" याचं उत्तर १९९० साली बोस्टनमध्ये मिळालंय. तिथल्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना मारिया फियाटारोन या डॉक्टरबाईंनी आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे, पायानं चांगलं जड वजन उचलायला लावलं. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, म्हणजे पहिल्याच्या अडीच पटीपेक्षा जास्त. मांडीचा स्नायू मात्र ९ टक्केच वाढला. या दोन आकड्यांतलं अंतर नीट बघा, ताकद इतकी आणि आकार एवढासाच, कारण पहिले काही आठवडे मेंदू आणि मज्जातंतू शिकत असतात, असलेल्याच तंतूंना जास्त संख्येनं आणि जास्त जोरात कामाला लावतात. म्हणून पहिल्या महिन्यात आरशात काहीच दिसणार नाही पण जिना सोपा वाटायला लागेल. आरसा बघून सोडून देणारे लोक इथंच सोडतात.

करायचं काय

आधी दोन शब्द सावधगिरीचे. छातीत दुखतं, चालताना धाप लागते, बीपी ताब्यात नाही, नुकतंच ऑपरेशन झालंय, चक्कर येऊन पडलात, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच या. बाकी कुणालाही परवानगीची गरज नाही.

मुख्य गोष्ट बैठक. तालमीतली नव्हे, खुर्चीवरची. आमच्या भागात कुस्तीचं वेड असल्यामुळं बैठक म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं चवड्यावरची खोल बैठक आणि शंभर-दोनशेचा आकडा येतो, आणि पासष्टीचे काका तसं काहीतरी करायला जातात आणि दुसऱ्या दिवशी पायरी उतरायला येत नाही. तसं करायचं नाही. खुर्चीत बसा, पावलं पूर्ण जमिनीला टेकलेली, खांद्याएवढं अंतर, पाय जरा मागं ओढून घ्या, छाती पुढं झुकवा आणि टाचेवर जोर देऊन झटकन उभं राहा. बसताना मात्र मनात एक-दोन-तीन म्हणत सावकाश, धप्पकन नाही. उठताना झटका हा झटक्याच्या तंतूंसाठी, आणि सावकाश बसणं का, ते पुढं सांगतो. श्वास कोंडायचा नाही, उठताना तोंडानं सोडायचा, बीपीवाल्यांनी तर नक्कीच.

उठताच येत नसेल तर खुर्चीवर दोन उशा टाका, उंची वाढली की सोपं होतं. जमलं की एक उशी काढा, मग दुसरी. मग नुसती खुर्ची. मग एक पिशवी घ्या, त्यात दोन किलो तांदूळ घाला आणि छातीशी धरून करा, मग तीन किलो, मग पाच. पाण्याची बाटली पण चालते, एक लिटरला एक किलो, वजनकाटा लागत नाही. सगळ्यात शेवटी एका पायावर जास्त भार देऊन, दुसरा नुसता टेकवून.

किती करायचं? ८ ते १२ वेळा, मधे दोन मिनिटं बसून परत ८ ते १२, जमलं तर तिसऱ्यांदा. थांबायचं कधी याची खूण अशी की "अजून दोन-तीन कशाबशा झाल्या असत्या" असं वाटलं पाहिजे. वीस झाल्या तरी गप्पा मारत असाल तर ते हलकं पडतंय, वजन वाढवा. दोन्ही वेळा १२ आरामात झाल्या की पुढच्या वेळी वाढ, हा एकच नियम पाळला तरी निम्मं काम झालं. स्नायू मागितलं तेवढंच देतो, तेच वजन वर्षभर तसंच उचललं की तो तिथंच थांबतो. तालमीतले वस्ताद हे फार आधीपासून जाणून आहेत, नुसत्या जोर-बैठकांवर पैलवान ठेवत नाहीत, हातात करेला म्हणजे जड मुदगल देतात, खांद्यावर माणूस बसवतात.

वरच्या अंगासाठी जोर, पण भिंतीवरचा. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून, हात टेकून, छाती भिंतीकडं न्यायची आणि ढकलायची. सोपं झालं की स्वयंपाकाच्या ओट्यावर हात ठेवून, मग जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, जमिनीवर नाही गेलात तरी काही बिघडत नाही. पाठीसाठी एक हात टेबलावर टेकवून वाका आणि दुसऱ्या हातानं पिशवी कमरेपर्यंत ओढा. पोटऱ्यांसाठी कठडा धरून टाचा उचला. आणि दोन्ही हातात अर्ध्या-अर्ध्या भरलेल्या बादल्या घेऊन अंगणात ताठ चालायचं, याच्यात मूठ, खांदे, पाठ, पाय सगळं येतं. मुठीची ताकद डॉक्टर मुद्दाम मोजतात, पुरुषात २८ किलो आणि बाईत १८ किलोच्या खाली गेली की कमी धरतात. तोल सांभाळायला ओट्याला हात जवळ ठेवून एका पायावर उभं राहा, दात घासताना केलं तरी चालेल.

आठवड्यातून दोन दिवस पुरे, तीन केलेत तर छान, फक्त मधे एक दिवस मोकळा ठेवा. असं जड काम झालं की स्नायू पुढचा एक-दोन दिवस नवीन प्रथिनं बांधत बसतो, रोज मारून त्याला वेळ मिळत नाही. मोकळ्या दिवशी चाला.

शेतातल्या लोकांचा वेगळा प्रश्न असतो. आमची आत्या खानापूरकडच्या खेड्यात असते, तिला हे सांगितलं तर म्हणाली, "जन्मभर रोपं लावली, भारे आणले डोक्यावरनं, आम्हाला कसला आलाय व्यायाम." तिचं खरं पण आहे, भारे आणत होती तोवर तिला माझी गरज नव्हती. पण आता घरी पॉवर टिलर आहे, गवत गाडीवरनं येतंय, आणि तिच्याकडं राहिलंय ते वाकून खुरपणं आणि शेंगा फोडणं, त्यात दमायला होतं, कंबर भरून येते, पण मांडीवर भार कुठं पडतोय? भार थांबला तो टिलरमुळं थांबला, वय नंतर आलं. आता ती परड्यात दोन बादल्या घेऊन चालते आणि शेजारणी हसतात.

दुखलं तर

दुखणारच, पहिल्या आठवड्यात. राजहंसगड चढून आलात की चढताना धाप लागते पण दोन दिवसांनी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळं, कारण स्नायू ताणला जात असताना भार झेलतो तेव्हा त्याच्या आत बारीक बारीक झीज होते. सावकाश बसणं म्हणजे तेच उतरणं, थोड्या प्रमाणात. त्यावेळी स्नायू जास्त भार पेलू शकतो आणि फुप्फुसावर ताण कमी पडतो, म्हणून म्हाताऱ्या माणसाला ते फायद्याचं. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं मग उतरतं. "लॅक्टिक ॲसिड साठलंय" असं जिममधली पोरं सांगतात ते खरं नाही, ते तास-दोन तासात निघून जातं. तेच काम परत केलं की दुसऱ्यांदा फार कमी दुखतं, एका खेपेतच स्नायू शिकतो.

सांध्यात सुई टोचल्यासारखं दुखणं, सूज येणं हे वेगळं, तिथं थांबा, खुर्चीची उंची वाढवा. आणि फार जास्त केल्यावर लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली तर घरी बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, स्नायू तुटून त्याचा कचरा किडनीत जात असतो.

खायचं काय

इथं आमच्या बेळगावकडच्या ताटाची जरा खोड काढावी लागणार. सकाळी उप्पीट नाहीतर पोहे आणि चहा, दुपारी भाताचा डोंगर आणि वरनं पातळ आमटी, रात्री भाकरी-भाजी. पोट भरतं पण प्रथिन अगदीच कमी. वय झालेल्या स्नायूला प्रथिनाचा छोटा डोस कळतच नाही, तरुण पोराला जेवढ्यात स्नायू बांधायची सुरुवात होते त्याच्या दीडपटीनं तरी म्हाताऱ्याला एका वेळी लागतं. दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागं १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम, आणि एका जेवणात पंचवीसच्या आसपास. आपल्याकडं उलटं चालतं, "वय झालं, आता रात्री नुसतं ताक-भात बास" म्हणून आहेत ते पण कमी करतात.

हिशोब सोपा आहे. एक अंडं ६ ग्रॅम, एक ग्लास दूध साडेसहाच्या आसपास, मूठभर शेंगदाणे ७, तीस ग्रॅम कोरड्या डाळीची घट्ट आमटी ७. म्हणजे सकाळी दोन अंडी, ग्लासभर दूध आणि मूठभर शेंगदाणे झाले की पंचवीस आलेच. अंडं न खाणाऱ्यांनी मसूर किंवा अळसंद्याची (चवळीची) मोठी वाटी भरून उसळ, वर दही, सोबत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असं जोडत जायचं. सोयाबीनच्या वड्या स्वस्त आणि जबरदस्त, कोरड्या वजनाच्या निम्मं प्रथिन. बुधवार-रविवारचं चिकन-मटण आहेच, फक्त रस्सा पोरांना आणि फोडी आजोबांना असं जरा उलटं वाढून बघा. उपवासाला साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यापेक्षा राजगिरा, दही, शेंगदाणे. कुंदा दुधाचाच असतो म्हणून प्रथिन मिळतं असं मला एकानं खरंच सांगितलंय, त्यातली साखर कोण मोजणार. डब्यातल्या पावडरीची गरज बहुतेकांना पडत नाही. किडनीचा आजार असेल त्यांनी मात्र हे आकडे बाजूला ठेवून आपल्या डॉक्टरांचं ऐका.

शुगरवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. जेवणातनं आलेली साखर रक्तातनं उचलणारं सगळ्यात मोठं कोठार स्नायू आहे, ते लहान झालं की साखर बाहेर फिरत राहते. आपण दिसायला बारीक असलो तरी आत चरबी जास्त आणि स्नायू कमी असं भारतीय शरीर असतं, पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी २००४ साली हे जगापुढं मांडलं, स्वतःचीच तुलना एका ब्रिटिश डॉक्टरशी करून, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) सारखा आणि याज्ञिकांची चरबी दुप्पटीहून जास्त. आणि इथं चालणं पण कामाचं. १९६७ मध्ये जॉन होलोझी या शास्त्रज्ञानं उंदीर पळवून दाखवलं की सहनशक्तीच्या व्यायामानं स्नायूच्या पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा, मायटोकॉन्ड्रिया, वाढते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर साखर कमी चढते. म्हणजे चालणं मायटोकॉन्ड्रियासाठी आणि बैठक ताकदीसाठी, एकानं दुसऱ्याचं काम होत नाही.

आजारपणात

सगळ्यात मोठा खड्डा इथं पडतो. तब्येतीनं चांगल्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांना नुसतं दहा दिवस अंथरुणात ठेवून बघितलंय, पायाचा जवळपास एक किलो स्नायू गेला, दहा दिवसात. आणि आपल्याकडं डेंग्यू होऊन गेला, मोतीबिंदू झाला की बघायला येणारा प्रत्येकजण "महिनाभर हलू नका" सांगून जातो, सूनबाई ताट अंथरुणात आणून देते, माया असते त्याच्यात पण पाय आटतात. डॉक्टरांनी हलायला बंदी केली नसेल तर पहिल्या दिवसापासून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद धरून सोडायचा, पावलं वरखाली करायची, जेवण पलंगाच्या कडेला पाय सोडून बसूनच, आणि दर दोन-तीन तासांनी धरून का होईना उभं राहायचं. भूक नसली तरी दूध, अंडं, घट्ट आमटी पोटात जाऊ दे. ताप चढलेला असताना मात्र बैठका नकोत.

महिन्यातनं एकदा तीच खुर्ची, तोच टायमर, आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. सुगी आली, घरात लग्न निघालं, दोन आठवडे वेळच मिळाला नाही असं होणारच. अशा वेळी आठवड्यात एकच दिवस करा पण वजन तेच ठेवा, ताकद बरीच टिकते. महिनाभराचा गॅप पडला तर पिशवीतले दोन किलो तांदूळ कमी करून परत चालू करा, पहिल्यापेक्षा लवकर वर याल.